कंपवात म्हणावं की पार्किन्सन?

प्रश्न : सासूबाईंच्या केसपेपरवर 'पार्किन्सन' लिहिलंय. घरात सगळे 'कंपवात' म्हणतात, पण त्यांचा हात अजिबात थरथरत नाही. चाल मंदावली आहे, अंग ताठ झालंय. मग हा शब्द चुकतोय का?

उत्तर १ : ताई, शब्द चुकीचा नाही, पण तोकडा आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं. पुढे त्याला 'पॅरालिसिस एजिटान्स' हे लॅटिन नाव रुळलं, म्हणजे थरथरता लकवा. त्यावर पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ ज्याँ-मार्तँ शार्को (१८२५-१८९३) यांनी आक्षेप घेतला. (उच्चार 'शार्को', 'चारकॉट' नव्हे.) १८६२ पासून ते साल्पेत्रिएर रुग्णालयात होते. तिथे हजारो वृद्ध, निराधार बायका राहत. एकेका रुग्णाला वर्षानुवर्षं पाहायचं आणि मृत्यूनंतर मेंदू-मज्जारज्जू तपासून लक्षणांशी ताडायचं, ही त्यांची पद्धत. त्यांचं म्हणणं असं, की या रुग्णांची ताकद बराच काळ टिकून असते, म्हणून हा लकवा नव्हे. आणि कंप प्रत्येकाला असतोच असं नाही. ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा ही दोन वेगळी लक्षणं आहेत, हेही त्यांनी दाखवलं. म्हणून त्यांनी सरळ 'पार्किन्सनचा आजार' म्हणा असं सुचवलं. आजार इतका बारकाईने मांडूनही नावाचा मान त्यांनी आधीच्या माणसाला दिला, याचं मला फार मोल वाटतं.

उत्तर २ : यातला पहिला आक्षेप मराठी शब्दाला लागत नाही. आपल्या 'वात'मध्ये लकवा गृहीत नाही. आमवात, संधिवात पाहा. दुसरा मात्र पुरेपूर लागतो. शिवाय उलट बाजूही आहे. कप उचलताना हात थरथरला की लोक लगेच 'कंपवात' म्हणून मोकळे होतात. पार्किन्सनचा कंप बहुधा हात मांडीवर निवांत असताना दिसतो. काही करायला गेल्यावर वाढणारा कंप वेगळ्या आजारांत येतो. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार शार्कोंनी याच फरकावरून वेगळा काढला होता.

उत्तर ३ : 'कंपवाताचा झटका आला' हा प्रयोगही टाळावा. झटका पक्षाघाताचा. हा आजार हळूहळू वाढतो, म्हणून 'कंपवात जडला' किंवा 'पार्किन्सन आहे' म्हणावं.

प्रश्नकर्ती : म्हणजे सासूबाईंच्या बाबतीत पार्किन्सनच बरं.

उत्तर १ : हो. 'कंपवात' म्हटलं की पाहुणे त्यांच्या हाताकडे बघणार, आणि हात स्थिर दिसला की 'काही झालेलं नाही' म्हणणार. त्यांना उठायला, कूस बदलायला किती वेळ लागतो ते कुणी बघणार नाही. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. हे शब्दही घरात वापरून पाहा.