चवथीला ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, धाटणीची एकांकिका बसवतोय. सगळ्यांत तीच ती पात्रं का असतात?

विंगेतला माणूस (डिचोली)

नमस्कार. गेली २१ वर्षं मी आमच्या गावच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करतो. तोंडाला रंग कधी लावला नाही, पण कोण कुठल्या वाक्याला अडकणार हे मला त्याच्या आधी कळतं. दुकान पंखे-मिक्सर दुरुस्तीचं. ॲनिमेतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

यंदा चवथीची मुलांची एकांकिका माझ्या भाच्याने लिहिलीय. बारावीला आहे. मंडळाच्या बैठकीत वाचन झालं. गोष्ट अशी. डिचोलीतला एक मुलगा, आईवडील नाहीत, वर्गात शेवटच्या बाकावर खिडकीशी बसतो. खनिजाच्या ट्रकाखाली येतो आणि डोळे उघडतो ते थेट दुसऱ्या जगात. तिथे तटाच्या आत लाल कौलांचं गाव, मधोमध चर्च, एक खानावळ, आणि एक कचेरी, जिथे राक्षस मारायची कामं फळ्यावर लावलेली असतात. मग साथीदार भेटतात. एक दांडगा, खादाड. एक चष्मेवाला हुशार. एक लांब कानांची, वय वर्षं दीडशे, दिसते सोळाची. एक मुलगी नायकाला सतत वाट्टेल ते बोलते आणि त्याची पाठ वळली की रडते. आणि एक पांढऱ्या केसांचा घुमा, जो शेवटी शत्रूचा भाऊ निघतो.

मी म्हटलं, "छान आहे रे, सुचलं कसं तुला?" तर म्हणतो, "मामा, सुचायचंय काय त्यात? हे सगळ्यातच असतं."

मग तू काय लिहिलंस, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. गावाचं वर्णन ऐकून मी म्हटलं, हे तर फोंताईन्हास झालं, पणजीची बस पकड, तासाभरात दुसऱ्या जगात पोचशील. यावर तो दोन दिवस बोलला नाही.

माझी खरी अडचण ट्रकाची आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या रस्त्याने दिवसभर टिप्पर चालायचे, लाल धुळीने तुळशीसुद्धा ओळखू यायच्या नाहीत. २०१२ साली खाणी थांबल्या, भाच्याला ते दिवस आठवत नाहीत. पण ज्या दोन घरांतली माणसं त्या रस्त्यावर गेली, ती पहिल्या रांगेत बसणार आहेत. वाचनात मुलं ट्रकाला खो खो हसली. भाचा म्हणतो, ट्रक हवाच, तो नियम आहे.

तर जाणकारांनी सांगावं. हा नियम केला कोणी? आणि यातलं काय काढलं तर नाटक मोडेल, काय काढलं तरी चालेल?

कीबोर्डवाला (म्हापसा)

काका, भाचा नक्कल करतोय हे खरं. पण ज्यांची करतोय, त्यांनीही उचललेलंच आहे. ते तटाचं गाव जुन्या साडीसारखं चार घरं फिरून आलंय. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. त्यावरून १९८१ च्या सुमारास 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे संगणकावरचे खेळ निघाले. ते जपानमध्ये युजी होरी या गृहस्थांनी खेळले आणि १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' केला. युरोप राहिला बाजूलाच, जपानी लेखकाने पाहिला तो अमेरिकी खेळातला युरोप. आता तो डिचोलीला आलाय. लांब कानही त्याच वर्षीचे. काही मंडळी डन्जन्स खेळत होती, त्यांच्या खेळाचा वृत्तान्त जपानच्या 'कॉम्प्टिक' मासिकात छापून यायला लागला, त्यातल्या एल्फ (परीकथेतली माणसासारखी दिसणारी एक जात) मुलीला चित्रकाराने लांब टोकदार कान दिले. तेव्हापासून तिकडच्या एल्फांचे कान तसेच.

आता पात्रं ठरलेली का? जागा. पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' ६४ किलोबाइटचा होता. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे चाळीसेक खेळ मावतील. तेवढ्यात राजा, किल्ला, दुकान, खानावळ, राक्षस, सगळं. गावातला माणूस एक-दोन वाक्यं बोलणार, म्हणजे तो कोण हे बघताक्षणी कळायला हवं. नायक तर काहीच बोलत नाही, कारण नायक म्हणजे तुम्ही, नावही तुम्हीच द्यायचं.

माझं सगळ्यात आवडतं आता सांगतो. १९८८ च्या तिसऱ्या भागात खानावळीत जाऊन साथीदार निवडायचे असतात. योद्धा, मल्ल, जादूगार, पुजारी, व्यापारी आणि विदूषक. हा विदूषक लढाईत कुचकामी. तुम्ही सांगता मार, तो मध्येच काहीतरी टवाळकी करत बसतो. शहाणी माणसं त्याला घेतच नाहीत. पण जो त्याला २० व्या पायरीपर्यंत सांभाळून नेतो, त्याचा विदूषक थेट ज्ञानी होऊ शकतो. बाकी कोणालाही ज्ञानी व्हायला एक दुर्मीळ पोथी शोधावी लागते. मी दहावीच्या सुट्टीत हे स्वतः करून पाहिलंय, त्या सुट्टीचं दुसरं काही आठवत नाही.

भाच्याच्या यादीत विदूषक दिसला नाही.

सुशी नको सुंगटं (पणजी)

मी जपानी शिकते, म्हणून मध्ये बोलते. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकाचं कारण ऐकलं तर हसाल. तिथे बसलेल्याच्या एका बाजूला आकाश येतं, मागे भिंत. म्हणजे मागचा वर्ग काढावा लागत नाही. काटकसर तिकडे पहिल्यापासून आहे. चित्रकथाकार तेझुकांचा 'ॲस्ट्रो बॉय' १ जानेवारी १९६३ ला टीव्हीवर सुरू झाला, दर आठवड्याला अर्धा तास. एवढी चित्रं काढणार कोण? मग फक्त तोंड हलवा, बाकी माणूस स्थिर ठेवा. हेच तेझुका आपल्या चित्रकथांमध्ये पात्रांना नटांसारखं वापरायचे. तोच मिशीवाला म्हातारा एका कथेत गुप्तहेर, दुसरीत आणखी कोणी. म्हणजे नाटक कंपनीच की!

काबुकीच्या, म्हणजे जपानच्या जुन्या नाटकांच्या, थिएटराबाहेर नटांच्या नावांच्या पाट्या लागायच्या. दुसऱ्या पाटीवर देखणा नायक, तिसऱ्यावर विनोदी नट. आजही जपानीत देखण्या पुरुषाला 'निमाइमे' म्हणतात, म्हणजे 'दुसरी पाटी'. ठरलेली पात्रं ही काही व्हिडिओ गेमने आणलेली नाहीत.

त्या फटकळ मुलीला त्सुनदेरे म्हणतात. त्सुनत्सुन म्हणजे फणकारा, देरेदेरे म्हणजे लाडीगोडी. तिला काढू नका, मुलं तिकीट लावलं तरी तिच्यासाठी येतील. ट्रक मात्र खुशाल काढा. तो नियम नाही, सवय आहे, आणि अलीकडची. त्याआधी लोक विहिरीतून गेलेत, बोगद्यातून गेलेत.

पेटारा (पेडणे)

ॲनिमे आमच्या घरात नातू बघतो, मी पेपर वाचतो. पण दशावतारात उमेदीची वर्षं घातली, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पार्ट ठरलेलेच. राजा, स्त्रीपार्टी, राक्षस, ऋषी, नारद. सुरुवातीला गणपती येतो, संकासुर येतो, हे लहान पोरालाही माहीत. पण वही नसते. रंग लावता लावता आख्यान ठरतं, कोणी कोणाला कुठे अडवायचं तेवढं बोलून घेतात, की चालले सगळे बाहेर. बोलायचं ते ज्याने त्याने उभ्या उभ्या. समोरच्याने नवा सवाल टाकला तर घाम फुटतो. लोक पहाटेपर्यंत त्या घामासाठीच बसतात. राक्षस मरणार हे त्यांना तिन्हीसांजेलाच माहीत असतं.

तेव्हा प्रॉम्प्टरबाब, तुमच्या पोराने पात्रं उसनी घेतली ती चूक नाही. त्यांची वाक्यंही उसनी घेतली असतील, तर ती चूक. त्या फणकाऱ्याच्या मुलीचं काम करणारी पोर गावात कोणावर चिडते, कशी चिडते, ते बघा.

आणि दुसऱ्या जगात जायला ट्रक कशाला, विहीर तरी कशाला? आमच्याकडे रंगमंचावर एकच बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. त्याला एक फेरी मारली की पृथ्वीवरचा स्वर्गात पोचतो. पखवाजवाल्याला तेवढं सांगून ठेवायचं.

विंगेतला माणूस (डिचोली)

आभार. काल तालमीत बाकडं ठेवून बघितलं. ट्रक गेला. नायकाने दप्तर पाठीला लावलं, बाकड्याला फेरी मारली, थांबला आणि वर बघितलं. पखवाज नव्हता, कोणीतरी डब्यावर वाजवला. कोणी हसलं नाही. भाचा म्हणाला, "बरं वाटतंय", आणि लगेच मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ.

फटकळ मुलीच्या हातातली वही काढून घेतली. पहिली पाच मिनिटं ती नुसतीच उभी. मग नायकाने पावसात नेलेली छत्री परत दिली नाही यावरून जी सुरू झाली, ती थांबेना. नायक खरोखरच माफी मागायला लागला. नंतर कळलं, छत्री खरी आहे.

विदूषक सापडला. माझ्या दुकानात पंखे पुसायला येणारा पोरगा. उच्चार साफ नाहीत म्हणून मंडळाने त्याला घेतलं नव्हतं. ज्ञानी झाल्यावर तो काय बोलणार यावर भाचा आणि तो कालपासून भांडतायत. कीबोर्डवाले, खेळात ज्ञानी झाल्यावर विदूषकाची टवाळकी सुटते का, तेवढं कळवा.

राहिला पांढऱ्या केसांचा घुमा. ड्रेपरीवाल्याकडे पांढरा टोप एकच आहे, भीष्माचा, आणि त्याला दाढी शिवलेली आहे. कापू देत नाही. डिचोली-म्हापसा भागात कोणाकडे दाढीविना पांढरा टोप असेल तर सांगा. चवथीला १९ दिवस राहिलेत.