अनुभव धागा : नळाचं पाणी, टाकीपासून घागरीपर्यंत

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गावात पाण्याची चर्चा दोनच गोष्टींवर होते. पाणी आलं का, आणि किती वेळ आलं. कसलं आलं हे विचारायची वेळ काविळीचे पेशंट निघाले की येते. म्हणून हा धागा. पाणी सोडणारे, तपासणारे, पाईप जोडणारे, घरात भरणारे, सगळ्यांना आमंत्रण. कुणाची गाऱ्हाणी नकोत; काय करायचं, किती घ्यायचं आणि कुठं चुकतं ते लिहा. आणि तालुका सांगा, कारण गगनबावड्याचं दुखणं शिरोळला लागू पडत नाही.

जलसुरक्षक, करवीर

टीसीएलपासून, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरीपासून सुरुवात करतो. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उतरतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही. म्हणून आलेल्या प्रत्येक लॉटचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा आणि आलेला टक्का पोत्यावरच मार्करनं लिहायचा.

हिशेब सोपा आहे. टाकी ५०,००० लिटरची. दर लिटरला २ मिलिग्रॅम धरले तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतो. पावडर २५ टक्क्यांची असेल तर ४०० ग्रॅम, ३३ ची असेल तर ३०० ग्रॅम. ‘हजार लिटरला पाच ग्रॅम’ सगळ्यांना पाठ असतं. ते चुकीचं नाही, पण ३३ टक्क्यांच्या पावडरीतून त्यात १.६५ मिलिग्रॅम मिळतात आणि २० टक्क्यांच्या पावडरीतून जेमतेम १. वाटीनं मापू नका. किराणा दुकानातला साधा काटा बास होतो.

पावडर थेट टाकीत ओतायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, गुठळ्या मोडायच्या, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. दहा मिनिटं निवू द्या. चुना तळाशी बसतो, वरची निवळी तेवढी टाकीत. टाकी पाव भरली असताना ओतली की येणाऱ्या पाण्यानं आपोआप मिसळते. टाकी भरल्यावर अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडायचा.

हा अर्धा तासच मारला जातो. लाईट रात्री येते, पहाटे लोक घागरी घेऊन उभे असतात, मग इकडून टाकी भरतेय आणि तिकडून गावात पाणी सुटलंय. क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही. त्यावर उपाय एकच, आदल्या रात्री टाकी भरून ठेवणं.

साठवण : झाकणाचं प्लॅस्टिक पिंप, कोरडी खोली, जमिनीपासून वर. युरिया, डिझेल, रॉकेल त्या खोलीत अजिबात नको, आगीचा धोका असतो. पत्र्याचा डबा महिन्या-दोन महिन्यांत सडतो.

नळजोडणीवाला, हातकणंगले

दादा, तुमची टाकी चोख असली तरी पाणी गटारातनंच जातंय त्याचं काय? गल्ली आठ फुटाची, दोन्ही बाजूला गटर, आणि घराघराची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पाईप गटरातनं आडवी. पाणी सुटलेलं असताना गळती बाहेर पडते, काही बिघडत नाही. पाणी बंद झालं की लाईन रिकामी होते आणि त्याच भोकातनं गटर आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी हेच.

बघायचं असेल तर पाणी गेल्याबरोबर नळ उघडा ठेवा आणि तोंडाला ओला तळहात लावा. कातडी आत ओढली गेली तर लाईनीत पोकळी आहे. ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो तो त्याचाच. अशा वेळी नळाला लावलेली रबरी नळी बादलीत किंवा म्हशीच्या डोणीत बुडालेली असली तर तेही पाणी लाईनीत जातंय. डोणीतलं पाणी शेजारणीच्या घागरीत, दुसरं काय.

करायचं काय :
- गटर ओलांडताना एकसंध एमडीपीई (प्लॅस्टिकची लवचिक) नळी घ्यायची, मध्ये सांधा नको. वरून दुसरी मोठी पीव्हीसी पाईप घालायची, दोन्ही टोकं गटराच्या काठाबाहेर किमान फूटभर.
- मेन लाईनीला सॅडल (पाईपभोवती आवळायचा पट्टा) बसवूनच फेरूल (घराची जोडणी निघते तो तुकडा). नुसतं भोक पाडून, सुतळी गुंडाळून बसवलेली जोडणी वर्षाच्या आत पाझरते.
- तोटी जमिनीपासून दोन फूट तरी वर. खड्ड्यातला नळ म्हणजे उघडं तोंड. पावसात तो बुडतोच. दाब कमी म्हणून खड्डा खणतात, मग शेजारी आणखी खोल खणतो.
- मोटार थेट नळाला लावायची नाही. ती तुमचं पाणी वाढवत नाही, शेजाऱ्याची लाईन उपसते आणि गल्लीभरचं गटर खेचते.
- व्हॉल्व्हचा चेंबर उघडून बघा. त्यात पाणी साचलेलं असेल आणि स्पिंडलची (व्हॉल्व्ह फिरवायच्या दांड्याची) ग्लँड, म्हणजे दोरी भरलेला सांधा, गळत असेल, तर गळती एकीकडची नाही, दोन्हीकडची आहे. ग्लँडची दोरी बदलणं अर्ध्या तासाचं काम.

आरोग्य सेविका, कागल

गळती शोधायला खोदाई करण्याआधी ओटी किट (औषधाच्या पिवळ्या रंगावरून पाण्यातला क्लोरीन मोजायची पेटी) घेऊन गल्लीतून चालत जा. पाणी सुटल्यावर पंधरा मिनिटांनी टाकीजवळच्या नळापासून सुरुवात. लिटरला ०.५, ०.५, ०.४ मिलिग्रॅम असं येत असताना पुढच्या नळाला एकदम ०.१ किंवा काहीच नाही, तर घाण त्या दोन नळांच्या मध्ये शिरतेय. तेवढा तुकडा खणा. रोजचं रजिस्टर टाकीखालच्या नळावर भरलं जातं, कारण तो जवळ असतो आणि तिथं रंग हमखास येतो. नोंद शेवटच्या नळाची हवी, तिथं ०.२ तरी मिळालंच पाहिजे.

ओटीचा रंग पहिल्या दहा सेकंदांतच वाचायचा. पाच मिनिटांनी पिवळा गडद दिसतो तो मोकळा क्लोरीन नसतो, बांधलेलाही (अमोनियासारख्याशी जोडला गेलेला, कमजोर) त्यात आलेला असतो. ओटीचं औषध विषारी आहे. तपासलेलं पाणी परत घागरीत किंवा चुळीला नको, हात धुवा. डीपीडीच्या गोळ्या मिळत असतील तर त्या बऱ्या. त्यात रंग गुलाबी येतो आणि मोकळा क्लोरीन नेमका कळतो.

काविळीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. आज पेशंट निघाले म्हणून आजचं पाणी तपासलं तर ते स्वच्छच येतं आणि ‘पाण्याचा काही दोष नाही’ असं ठरतं. मागचं रजिस्टर काढा. महिना-दीड महिन्यापूर्वी पाईप कधी फुटली, टीसीएल किती दिवस नव्हतं, ते त्यात सापडतं. नोंदी खऱ्या असतील तर. गॅस्ट्रोचं उलट असतं. तो काही तासांत ते चार-पाच दिवसांत दिसतो, म्हणून तिथं कालचं-परवाचं बघायचं. गर्भवती बायकांना ही कावीळ जिवावर बेतते. त्यांच्या घरी उकळलेलंच पाणी.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्रोतांचं सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. हिरवं कार्ड त्या दिवसापुरतं. ते ऑफिसात फ्रेम करून लावल्यानं फेरूल गळायचं थांबत नाही.

पन्हाळा, बचत गट

ताई, वासाचं सांगा ना. टीसीएलचं पाणी आलं की बायका म्हणतात चहाला औषधाचा वास येतो, आणि विहिरीचं आणायला जातात.

आरोग्य सेविका, कागल

संध्याकाळचं पाणी पातेल्यात भरून फडकं बांधून रात्रभर ठेवा, सकाळी वास गेलेला असतो. झाकणानं घट्ट बंद केलं तर जात नाही. आणि वास गेलेल्या पाण्याला राखणदार उरत नाही, म्हणून त्यात पेला बुडवायचा नाही. ओगराळं घ्या किंवा तोटीचं पिंप. माठ रोज रिकामा करून घासायचा, उरलेल्यावर नवीन ओतायचं नाही. नळ आल्यावर पहिली पाच मिनिटं भांड्याला, जनावराला, अंगणाला. प्यायचं त्यानंतर भरा.

प्रयोगशाळेत काम करणारा

अहवाल चुकायचं मुख्य कारण बाटली. जंतू तपासणीची निर्जंतुक बाटली विसळायची नाही. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते पाण्यातला क्लोरीन मोडतं. विसळलं तर ते वाहून जातं, क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतो आणि आमच्याकडे पाणी ‘पिण्यायोग्य’ निघतं, गावात मात्र ते तसं नसतं. काही जण मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत आणून देतात. ते तर तपासूच नये.

पद्धत : नळाची रबरी नळी काढा, तोटी पुसा, लोखंडी असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं भाजा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, धार बारीक करा. बाटलीच्या तोंडाला आणि बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. वर थोडी जागा मोकळी ठेवा. बर्फाच्या डब्यात घालून शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत पोहोचवा. लेबलवर ठिकाण, वेळ आणि त्या क्षणीचा ओटीचा आकडा. रासायनिक तपासणीचं मात्र उलटं : स्वच्छ कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळायचा.

काळी पडणारी एच-टू-एस बाटली क्लोरीनच्या पाण्याला वापरण्यात अर्थ नाही. विहीर, झरा, बोअरला चालते. खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत काळी झाली तर पाण्यात विष्ठेची घाण आहे असं धरून चाला. पिवळीच राहिली म्हणून निर्धास्त होऊ नका.

पंचगंगाकाठ, फिल्टरवर काम करणारा

कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीचं पाणी प्रयाग चिखलीपर्यंत बरं असतं. खाली सांडपाणी मिळतं आणि फेब्रुवारी ते मे बंधाऱ्यात पाणी तुंबून राहतं. त्या दिवसांत ‘पावडर दुप्पट टाकतोय तरी ओटी लागत नाही’ ही तक्रार येते. पावडर बोगस असेलच असं नाही. पाण्यातला अमोनिया क्लोरीन खातो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पुरता मोडायला ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. मधल्या टप्प्यावर क्लोरामाईन तयार होतं. त्यानं उग्र वास येतो, ओटी उशिरा पिवळी पडते आणि ऑपरेटरला वाटतं काम झालं. ते जंतू मारायला फार संथ. एवढा क्लोरीन रोज घालणं गावच्या योजनेला झेपत नाही, म्हणून अमोनियाची तपासणी करा आणि पाटबंधारे विभागाकडून वरून पाणी सुटलं की त्या दिवशी उपसा वाढवून टाक्या भरून घ्या. मेलेले मासे तरंगायला लागले तर आधी पंप बंद, मग फोन.

पावसाळ्यातली भानगड वेगळी. गढूळ पाण्यात मातीच्या कणाआड जंतू लपतात, क्लोरीन पोचत नाही. आधी तुरटी. किती ते बरणीत ठरवा : पाच बरण्यांत एकेक लिटर पाणी, १०, २०, ३०, ४०, ५० मिलिग्रॅम तुरटी, मिनिटभर जोरात आणि पंधरा मिनिटं हळू ढवळायचं, अर्धा तास निवू द्यायचं. जिथं कापसासारखे फुलके बसून वर नितळ राहतं, तो सगळ्यात कमी डोस घ्या. जास्त तुरटीनं पाणी आंबट होतं आणि फुलकेही नीट बसत नाहीत.

भुदरगड, उताराची योजना

आमच्याकडं मोटार नाही, झऱ्याचं पाणी उतारानं येतं. लोक म्हणतात, डोंगराचं पाणी, त्याला काय हुतंय? जांभ्या दगडाला भोकं असतात, वरच्या कुरणातलं शेण एका पावसात झऱ्यात उतरतं. कुंडीला झाकण, वरच्या अंगाला पाणी वळवायची चर, भोवती कुंपण आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी एवढं पाहिजेच. जाळी नसली की खेकडं आत शिरतं आणि लाईन कुठं तुंबली ते शोधत दिवस जातो.

लोखंडाचा प्रश्न असेल तर पेरूचं पान चुरगाळून पाण्यात टाका. पाणी जांभळट-काळं होतं. चहाही काळा पडतो. अशा पाण्यात टीसीएल टाकलं की ते तांबूस होतं आणि दोष टीसीएलला जातो. खरं तर विरघळलेलं लोखंड गंजून वर आलेलं असतं. पाणी पायऱ्यांवरून किंवा भोकाच्या पत्र्यावरून उडवत टाकीत पाडा, गाळ बसू द्या, वाळूतून गाळा आणि क्लोरीन शेवटी.

शिरोळ

ऊसपट्ट्यात बोअरचं पाणी काचेसारखं दिसतं, फसू नका. युरियाचं नायट्रेट खाली झिरपतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत हे पाणी अजिबात नको. स्वस्तातली वाट म्हणजे मिसळण : बोअर ८० आणि नदीचं १० असेल तर निम्मं-निम्मं केल्यावर ४५ येतं, काठावर. बोअरच्या एका भागाला नदीचे दोन केले की ३३.

पूर ओसरल्यावर (२०१९, २०२१ला ज्यांच्या बोअरवरून पाणी गेलं त्यांना ठाऊक आहे) सहा इंची बोअरमध्ये मीटरला साधारण १८ लिटर पाणी धरा. ५० मीटर पाण्याला ९०० लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅमनं ४५ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे २५ टक्क्यांची १८० ग्रॅम पावडर. निवळी ओता, नळाला वास येईपर्यंत मोटार चालवा, बारा तास बंद ठेवा, मग वास जाईपर्यंत पाणी बाहेर सोडा. पिकात किंवा माशांच्या तळ्यात नाही. नंतर जंतूंची तपासणी.

जलसुरक्षक, करवीर

टाकी धुण्याचं राहिलं. घासून, गाळ तळाच्या वॉशआउट व्हॉल्व्हनं काढून झाल्यावर हेच ५० मिलिग्रॅमचं माप. १०,००० लिटरला २५ टक्क्यांची २ किलो. आत एकटा माणूस उतरवू नका, वर दोरी धरून दुसरा पाहिजे. आणि डोसर पंपाचा (क्लोरीनचं पाणी थोडं थोडं सोडणाऱ्या पंपाचा) व्हॉल्व्ह चुन्यानं चिकटला तर ॲसिड लावायच्या आधी साध्या पाण्यानं पूर्ण धुवून घ्या. क्लोरीनवर ॲसिड पडलं की तिथल्या तिथं विषारी वायू निघतो.

नळजोडणीवाला, हातकणंगले

दोन फुटावरच्या तोटीला हंडा बसत नाही असं कुणी म्हणालं तर खाली कट्टा बांधू नका, कट्ट्याभोवती पाणी साचतं. पाईपला एल्बो लावून तोंड पुढं काढा, वीसएक इंच. हंडा बसतो.