हलका पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर : रोजच्या वावरासाठी आणि पुणे-नागपूर प्रवासासाठी कोणता घ्यावा?

कोथरूडची लेक

माझी आई ६८ वर्षांची असून तिला आयएलडी हा फुप्फुसांचा आजार आहे. घरी पाच लिटर क्षमतेचा, जमिनीवर ठेवायचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, आहे. बसलेली असताना मिनिटाला १ लिटर, चालताना ३ लिटर आणि झोपेत दीड लिटर ऑक्सिजन द्यावा, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. लांब नळी लावून ती स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत वावरते. परंतु सोसायटीच्या बाकावर मैत्रिणींत जाऊन बसणे, कोपऱ्यावरून भाजी आणणे, पासबुक भरून घ्यायला स्वतः बँकेत जाणे हे सारे बंद झाले आहे आणि तिला आजारापेक्षा याचेच दुःख अधिक आहे. शिवाय डिसेंबरमध्ये नागपूरला माझ्या मामेबहिणीचे लग्न आहे आणि आई त्या लग्नाला जायचेच म्हणते.

एका विक्रेत्याने सव्वादोन किलो वजनाचे, खांद्याला अडकवता येणारे यंत्र दाखवले. त्यावर १ ते ५ अशी सेटिंग आहेत. 'तीन लिटर लागतो ना, मग तीनवर ठेवा, वर दोन शिल्लकच आहेत,' असे त्याने सांगितले. किंमत अडीच लाखांच्या घरात आहे. दुसरीकडे ऑनलाइन दुकानांत चाळीस हजारांच्या आत '१ ते ७ लिटर' असे लिहिलेली छोटी यंत्रे दिसतात. या दोहोंत नेमका फरक काय, विक्रेत्याचा हिशेब बरोबर आहे का, आणि नागपूरला विमानाने जावे की रेल्वेने, याविषयी ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

दुरुस्तीवाला

ताई, मी ही यंत्रे दुरुस्त करण्याचेच काम करतो, म्हणून आधी विक्रेत्याच्या हिशेबाबद्दल लिहितो. तो हिशेब चुकीचा आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. कॉन्सन्ट्रेटरमधला कॉम्प्रेसर ही हवा दाबाने झिओलाइटच्या दाण्यांतून नेतो, ते दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे साधारण ९० टक्क्यांच्या वर शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. दाब सोडला की धरलेला नायट्रोजन बाहेर पडतो आणि दाणे पुन्हा वापरायला मोकळे होतात. घरातल्या चौदा-पंधरा किलोच्या यंत्रात मोठा कॉम्प्रेसर आणि झिओलाइटच्या मोठ्या नळ्या मावतात, म्हणून ते मिनिटाला ५ लिटर अखंड देऊ शकते. सव्वादोन किलोच्या यंत्रात ते मावत नाही. ते मिनिटाला फार तर एक ते सव्वा लिटर ऑक्सिजन तयार करते आणि तो अखंड न सोडता, आपण श्वास आत घेऊ लागलो की त्या क्षणी एक छोटा झोत नाकात सोडते. याला पल्स मोड म्हणतात. श्वास बाहेर टाकताना अखंड प्रवाहातला ऑक्सिजन वाया जातो, तो इथे वाचतो. त्यामुळे कमी उत्पादनातही बऱ्याच रुग्णांचे भागते. मात्र सेटिंग ३ म्हणजे ३ लिटर नव्हे. तो त्या कंपनीने आपल्या यंत्रापुरता ठरवलेला क्रमांक आहे आणि दोन कंपन्यांचे 'तीन' एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. काही यंत्रे मिनिटाला ठरावीकच ऑक्सिजन देतात आणि तो श्वासांच्या संख्येत वाटतात. समजा, सेटिंग २ वर मिनिटाला ४२० मिलिलीटर मिळतो. मिनिटाला २० श्वास असतील तर प्रत्येक झोत २१ मिलिलीटरचा होतो. चालताना धाप लागून श्वास ३० झाले की तोच झोत १४ मिलिलीटरवर येतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी प्रत्येक श्वासाचा वाटा घटतो. काही यंत्रे झोताचा आकार बराच काळ तोच राखतात. माहितीपुस्तिकेत प्रत्येक सेटिंगचा झोत मिलिलीटरमध्ये दिलेला असतो. तो तक्ता मागा, आणि तो दाखवायला जो तयार नसेल त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.

चाळीस हजारांच्या यंत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांत १ लिटरला शुद्धता ९० टक्क्यांच्या वर असते आणि प्रवाह वाढवत ७ लिटरवर नेला की ती ३० टक्क्यांच्या आसपास येते. ही माहिती बारीक अक्षरांत छापलेली असते. काकूंसाठी ती यंत्रे उपयोगाची नाहीत.

अखंड प्रवाह देणारी पोर्टेबल यंत्रेही मिळतात. ती २ किंवा ३ लिटरपर्यंत देतात, पण त्यांचे वजन साडेचार किलोपासून आठ किलोपर्यंत जाते आणि ती चाकांच्या गाडीवर ओढत न्यावी लागतात. काकूंना जिने चढावे लागत असतील तर त्यांचा कितपत उपयोग होईल, याची मला शंका वाटते.

छातीचा डॉक्टर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. वैद्यकीय बाजूने एवढीच भर घालतो की यंत्र कागदावर निवडू नये, ते रुग्णाला लावून, चालवून पाहावे. सहा मिनिटे चालण्याची जी चाचणी रुग्णालयात करतात, तीच चाचणी नव्या यंत्रावर करून घ्यावी. बसलेल्या स्थितीत सॅच्युरेशन (रक्तातली ऑक्सिजनची पातळी, टक्क्यांत) ९६ दिसते आणि विक्रेता समाधानाने मान डोलावतो; परंतु आयएलडीच्या रुग्णाचे सॅच्युरेशन श्रमाने झपाट्याने उतरते, म्हणून बसून घेतलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. चालताना ते ९० च्या आसपास टिकते की नाही, हे महत्त्वाचे. (सीओपीडी या श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजारातल्या ज्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो त्यांच्यासाठी लक्ष्य ८८ ते ९२ असे ठेवतात आणि त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन देणे घातक ठरू शकते. म्हणून इतर वाचकांनी इथले आकडे आपल्या रुग्णाला लावू नयेत.)

झोपेत पल्स मोडवर विसंबू नये. झोपेत श्वास उथळ होतो, तोंड उघडे राहते, आणि मग यंत्राला श्वासाची सुरुवात कळेलच याची खात्री नसते. रात्रीसाठी घरचेच यंत्र ठेवावे.

विमानाविषयी. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका नसतो, तो ८००० फूट उंचीवरच्या दाबापर्यंत खाली जाऊ शकतो आणि तिथे श्वास घेणे म्हणजे समुद्रसपाटीवर १५ टक्के ऑक्सिजनच्या हवेत श्वास घेण्यासारखे असते. ज्यांना जमिनीवर आधीच ऑक्सिजन लागतो त्यांना विमानात तो वाढवावा लागतो, बहुधा दुप्पट. तुमच्या आईंना बसून १ लिटर पुरतो, म्हणजे विमानात २ लिटरच्या तोडीचा पुरवठा हवा; तो हे यंत्र देईल किंवा देणार नाही, पण उठून शौचालयापर्यंत चालत जाण्याइतकी गुंजाईश उरणार नाही असे मला वाटते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर आणि नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. रेल्वेने गेल्यास उंचीचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून माझे मत रेल्वेच्या बाजूने आहे. अंतिम निर्णय अर्थातच त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

निवृत्त बँकवाला

मला सीओपीडी आहे आणि असे खांद्यावरचे यंत्र मी रोज वापरतो, तेव्हा रोजच्या वापराविषयी लिहितो.

सव्वादोन किलो हे वजन दुकानात हलके वाटते, पण अर्ध्या तासाने ते खांद्याला जाणवू लागते. मी पाठीवरच्या पिशवीत ठेवतो, मात्र हवा आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची जाळी मोकळी राहील अशीच पिशवी घ्यावी. बॅटरीचे जे तास जाहिरातीत असतात ते सहसा सेटिंग १ किंवा २ चे असतात. सेटिंग वाढवले की ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात, आणि बॅटरी जुनी होत गेली की आणखी घटतात. म्हणून दुसरी बॅटरी ही चैन समजू नये, ती यंत्राच्या किमतीतच धरावी. गाडीत बसल्यावर मी चार्जर लगेच लावतो.

आवाजाचे सांगायचे तर, प्रत्येक श्वासागणिक 'फुस्स' असा आवाज येतो. बाजारात तो ऐकू येत नाही, कीर्तनात किंवा शोकसभेत मात्र लोक वळून पाहतात. सुरुवातीला मला फार संकोच वाटे. आता लहान मुले विचारतात तेव्हा मी यंत्र उघडपणे दाखवतो. मोठी माणसे विचारत नाहीत, नुसती पाहत राहतात, त्यांचे काय करावे हे मला अजून उमगलेले नाही.

तुमच्या आई नळी लावून स्वयंपाकघरात वावरतात हे वाचून काळजी वाटली. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेले भडकवतो. नळी, केस, साडीचा पदर या साऱ्यांत तो मुरलेला असतो. गॅसची शेगडी, निरांजन, समई, उदबत्ती यांपासून निदान दहा फूट अंतर राखावे. आमच्याकडे सांजवात नातू लावतो. नाकाच्या कडा कोरड्या पडल्या म्हणून व्हॅसलिन किंवा तेलकट बाम लावू नये, पाण्यावर आधारलेले जेल मिळते ते वापरावे.

बहुतेक यंत्रे ५ ते ४० अंश तापमानात चालवण्यासाठी बनवलेली असतात. डिसेंबरात नागपुरात काही अडचण नाही, पण त्याच नागपुरात मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर यंत्राने गजर दिला तर तो बिघाड समजू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर यंत्र कधीच ठेवू नये.

कोथरूडची लेक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विक्रेत्याकडे तक्ता मागितला आणि यंत्र घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कॉरिडॉरमध्ये आईला चालवून पाहिले. सेटिंग ३ वर तिचे सॅच्युरेशन ८४ पर्यंत उतरले. सेटिंग ५ वर, तिने मध्ये एकदा थांबून आणि नेहमीपेक्षा हळू चालून, ते ८९-९० वर राहिले. म्हणजे वर दोन सेटिंग 'शिल्लक' नव्हतीच. 'जिना चढायचा नाही, लिफ्ट नसेल तिथे जायचे नाही, बाक आणि बँक चालेल,' असे डॉक्टर म्हणाले. आईला तेवढेही पुष्कळ वाटते आहे. विकत न घेता आधी महिन्याच्या भाड्याने घ्यायचे ठरवले आहे.

नागपूरला रेल्वेने जायचे ठरले. बॅटरी, रात्रीची सोय आणि मांडवातले काही, याविषयी कोणी सांगू शकेल का?

दुरुस्तीवाला

भाड्याचे यंत्र घेताना झिओलाइटच्या नळ्या कधी बदलल्या आहेत हे विचारा, कारण त्या दमट हवेने आणि वापराने निकामी होतात. यंत्र सुरू राहते, दिवा हिरवा दिसतो आणि शुद्धता घसरलेली असू शकते. ऑक्सिजन ॲनालायझर लावून ५ सेटिंगवरची शुद्धता समोर मोजून दाखवायला सांगा.

चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे लिहिलेले आहे का ते पाहा, कारण रेल्वेच्या अनेक डब्यांतले सॉकेट ११० व्होल्टचे असतात. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत ते सॉकेट बंद ठेवण्याची पद्धतही अनेक गाड्यांत आहे, त्यामुळे रात्रीची गाडी टाळलेली बरी. तसेही झोपेत पल्स मोड नको, हे डॉक्टरांनी वर सांगितलेच आहे.

नागपूरकर भाऊ

ताई, पुण्याहून नागपुरात अजनीला येणारी वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून सुरू आहे. ती सुमारे बारा तास घेते आणि दिवसाच धावते, म्हणून तुमच्यासाठी तीच सोयीची. तरीही सॉकेट चालू असेल हे गृहीत धरू नका. बॅटरीचा हिशेब गाडीच्या बारा तासांचा न करता कोथरूडच्या दारापासून नागपूरच्या दारापर्यंतचा करा आणि त्यावर निम्मा वेळ आणखी धरा. अमेरिकेत काही विमान कंपन्या प्रवाशांकडे उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरेल इतकी बॅटरी मागतात, तोच नियम इथे आपण होऊन पाळावा. बसलेल्या स्थितीत कोणते सेटिंग पुरते ते डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या, म्हणजे बारा तास ५ वर चालवून बॅटरी संपणार नाही.

रात्रीसाठी पाच लिटरचे यंत्र इथे भाड्याने मिळते. ते लग्नाच्या आदल्या दिवशीच घरी आणून, चालवून पाहायला मामांना सांगा. ते साधारण साडेतीनशे वॅट वीज घेते, म्हणजे दहा तासांच्या रात्रीला साडेतीन युनिट. घरचा छोटा इन्व्हर्टर त्यावर फार वेळ टिकत नाही. वीज गेलीच तर म्हणून भरलेला एक सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर उशाशी असू द्या.

मांडवात लग्नहोमाचा धूर आणि ज्वाळा दोन्ही असतात. काकूंची खुर्ची होमापासून दूर, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला आणि भिंतीवरच्या सॉकेटजवळ मांडायला सांगा. मंगलाष्टके तिथूनही नीट ऐकू येतात. नळीवरून मास्क लावता येतो, गर्दीत लावावाच. बोटाला गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असली तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, तेव्हा एक बोट तसेच कोरे ठेवा. कार्यालय पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे की नाही हे मामांना फोनवर विचारू नका, प्रत्यक्ष जाऊन पाहून यायला सांगा.