टेक्सासच्या उन्हाळ्यात बास मासा कुठे शोधावा?

प्रश्न: डॅलसजवळच्या लेक फोर्कमध्ये एप्रिलमध्ये काठालगत सहज मिळणारा लार्जमाउथ बास जुलैत दिसेनासा झाला आहे. गळ कुठे टाकावा?

उत्तर १: पहाटे पाणगवताच्या कडेला तरंगते आमिष चालते. ऊन चढल्यावर मात्र पाण्याखालच्या उंचवट्यांवर, साधारण १५ ते २० फुटांवर, कॅरोलायना रिगला (गळाच्या थोडे आधी दोरीवर सरकते वजन ओवलेली जोडणी) लावलेला प्लॅस्टिकचा किडा तळावरून सावकाश ओढावा. फार खोल जाऊ नये, कारण उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात आणि खालच्या थरात प्राणवायू फारच कमी उरतो.

उत्तर २: मी तर रात्रीच जातो, काळे आमिष घेऊन. येथे १६ ते २४ इंचांचा बास परत सोडावाच लागतो; तेव्हा कोमट पाण्यात त्याला फार वेळ झुंजवू नये.

प्रश्नकर्ता: पाण्याच्या थरांमधला तो सांधा फिश फाइंडरवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसतो का?

उत्तर १: यंत्राची संवेदनशीलता वाढवल्यास धूसर पट्ट्यासारखा दिसतो.