मदत हवी आहे : ओरेगॅनोला वासच नाही
गच्चीवाला : कुंडीत ओरेगॅनो माजलंय, पण वाळवलं की नुसता पालापाचोळा. पिझ्झ्याच्या पुडीसारखा वास नाही. काय करू? लवकर सांगा.

मातीमोल : गाव? ऊन किती? खत? पान जाड-लुसलुशीत असेल तर तो पानओवा. नर्सरीवाले तोच ओरेगॅनो म्हणून खपवतात. भजी करा आणि मोकळे व्हा.

गच्चीवाला : पुणे. पान पातळ, नखाएवढं. ऊन सकाळचे तीन तास. दर आठवड्याला जीवामृत.

मातीमोल : लाड बंद करा. खत जास्त, ऊन कमी, मग पाला होतो, तेल धरत नाही. सहा तास ऊन, निम्मी वाळू, वरची दोन बोटं माती सुकल्यावरच पाणी. पावसाळ्यात आडोशाला ठेवा, मुळं कुजतात.

रानमेवा : उन्हाने जात बदलते का? फुलं गुलाबी-जांभळी असतील तर ते युरोपातलं रानटी ओरेगॅनो, बहुधा फिकंच. पांढरी फुलं, केसाळ पान म्हणजे ग्रीक 'हिर्टम'. त्यात कार्व्हाक्रॉल, म्हणजे तो झणझणीत वास देणारं द्रव्य, भरपूर.

गच्चीवाला : फुलं आलीच नाहीत हो.

सुगरण : त्यापेक्षा मरवा लावा, गजऱ्यातला. ओरेगॅनोचाच भाऊबंद. गोडसर असतो, गॅस बंद करताना घालायचा.

काढाप्रेमी : खोकल्याला ओरेगॅनो तेलाचे दोन थेंब थेट जिभेखाली!

रानमेवा : विचारलंय कोणी? शुद्ध तेलाने तोंड भाजतं. गरोदरपणी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना तर नकोच. काढाच हवा तर कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर वाळकी पानं, दहा मिनिटं झाकून.

सुगरण : ओलं पान चुरगळल्यावर वास येतो का? आणि वाळवता कुठे?

गच्चीवाला : ओल्याला चांगला येतो, जीभही चुरचुरते. वाळवतो गच्चीच्या पत्र्यावर, दुपारी.

सुगरण : अहो, मग रोपाला कशाला दोष! तापल्या पत्र्यावर तेल उडून जातं. कळ्या धरल्या की फुलायच्या आधी, सकाळी दव सुकल्यावर कापा. खाली चार बोटं खोड ठेवा. सावलीत, वाऱ्यावर पातळ पसरा. ओव्हन असेल तर ४० अंशांच्या वर नको. काडी कटकन मोडली की पानं अख्खीच बरणीत भरा, चुरा वापरताना करा.

मातीमोल : ऊन तरीही सहा तास लागतंच.

रानमेवा : पुडीमागचं वाचा आधी. बहुतेक पुड्यांत मीठ, लसूण, मिरचीही असते. नुसत्या पानाला ती चव कुठून येणार?