अनुभव धागा: भरलेल्या दोन ट्रॉल्यांना ट्रॅक्टर कोणता?

साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या यायला लागल्या की आमच्या करवीर तालुक्यात पारावर एकच विषय: यंदा वाहतुकीला कोण कोण उतरणार. आम्हीही उतरतोय. घरचा ट्रॅक्टर मशागतीला राहील, ऊस ओढायला वेगळा घ्यायचाय. शोरूममध्ये एचपी, हप्ता आणि एक्स्चेंज यापलीकडे कुणी बोलत नाही. दोन ट्रॉल्यांत मिळून १५-२० टन ऊस, त्यात ट्रॉल्यांचं लोखंड, आणि पुढे जेमतेम दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर. हे सगळं उतारावर, वळणावर, चिखलात ताब्यात कसं राहतं? ज्यांनी ओढलंय त्यांनी लिहा. कुठल्या रस्त्यावर काय घडलं ते सांगा, नुसतं मॉडेलचं नाव नको. कंपन्यांच्या रंगांचा लाल-निळा-हिरवा वाद पारावर घालू.

शिरोळकर

आमच्याकडे ना घाट ना उतार. आमचा वैरी म्हणजे काळं रान. तोडीआधी पाणी बंद ठेवलं तरी नदीकाठचं रान आतून ओलंच असतं. फडातून भरलेली ट्रॉली काढताना चाक जागेवर फिरायला लागतं, ड्रायव्हर ईर्षेनं आणखी रेस देतो, आणि मग चाक खाली, तोंड वर. ४५ एचपीचा देऊन ५० चा घेतला, पण खरा फरक पाडला टायरनी. १३.६-२८ च्या जागी जास्त रुंद १६.९-२८ आले, वजनासाठी मागच्या टायरांत पाणी भरलं, पुढे बंपरला वजनं लावली. पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे. नाही राहिला तर स्टेअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर सरळच जातो.

हुक उंचावर घेऊ नका. ओढ जितकी वरून, तितकं तोंड लवकर उचलतं. मागच्या ॲक्सलच्या वर साखळी बांधून रुतलेली ट्रॉली ओढणारे बघितलेत. तसा ट्रॅक्टर उलटा होऊन ड्रायव्हरच्याच अंगावर येतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. आम्ही फडातून एकेक ट्रॉली काढतो आणि डांबरीवर आणून जोडतो. वेळ जातो, जाऊ दे.

फोर व्हील ड्राइव्ह? पैसे असतील तर घ्या. रानातून निघायला चांगला. थांबायच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबू नका.

वाघबीळचा ड्रायव्हर

मालक लोक वढायचं इचारत्यात. वढतंय कुठलंबी, थांबतंय का ते इचारा. उतरताना मागची ट्रॉली पुढचीला ढकलती, पुढची ट्रॅक्टरला. ट्रॅक्टरचं बूड हलाय लागलं की सीटवर आधी कळतंय, डोळ्याला नंतर. तवा दणकून ब्रेक दाबला की संपलं, ट्रॉल्या मोडून आडव्या येत्यात. म्या उताराच्या आधीच गिअर खाली टाकतो. उतारावर गिअर बदलायचा न्हाई, क्लच दाबायचा न्हाई. डिझेल वाचवाय न्यूट्रल करणारी पोरं हायत, त्यांच्या म्होरं म्या कधी गाडी ठेवत न्हाई.

ब्रेकची पायडलं दोन असत्यात. रानात वळाय येगळी ठेवायची, डांबरीला आलं की मधली पट्टी टाकून एक करायची. लई ट्रॅक्टरांत ती पट्टी गंजून लोंबत असती. मग घाईत एकच पायडल दाबलं जातंय, एकच चाक धरतंय आन् ट्रॅक्टर तिकडंच फिरतोय. नवा घ्या न्हाईतर जुना, पयलं खाली वाकून ती पट्टी बघा.

आन् ते साऊंड. लावा की गाणी, पर मागनं हॉर्न आला तर ऐकू याया पायजे.

उद्यमनगरातला मिस्त्री

वरच्या ड्रायव्हरदादांना हात जोडले. त्यांच्याच बोलण्याला आकडे देतो. २० मीटरला १ मीटर उतार बाईकवरून जाताना कळतही नाही. मागे २० टन असतील तर तिथं साधारण १ टनाचा जोर ट्रॅक्टरला सतत ढकलत असतो. वेग २० वरून ३० केला तर ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. आणि हे सगळं अडवायला ट्रॅक्टरचे मागचे दोन ब्रेक, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. नवी ट्रॉली बांधून घेताना हायड्रोलिक ब्रेक बसवायला सांगा. 'कशाला, सगळे तशाच ओढतात' हे उत्तर मिळेल. मिळू दे.

ट्रॅक्टरला तेलातले ब्रेक असावेत. कोरडे ब्रेक चिखलपाण्यात भिजले की नीट धरत नाहीत.

एचपीचं म्हणाल तर, २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम, ट्रेम ४, लागू झाले. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं डिझेल सोडणारं) इंजिन आलं, सेन्सर आले, किंमत चढली. म्हणून कंपन्यांनी बरीच मॉडेलं ५० च्या आत बसवली. तेव्हा ४९ घेऊ का ५२ यावर झोप घालवू नका. पत्रकात ट्रॅक्टरचं वजन आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) तळाला छापलेले असतात. आधी ते वाचा.

धागाकर्ता

मिस्त्री, हलका ट्रॅक्टर घेऊन वजनं लावली तर चालेल?

उद्यमनगरातला मिस्त्री

थोडं भागतं. पण टायर, ॲक्सल, गिअरबॉक्स, ब्रेक हलक्याच मापाचे राहतात ना. कंपनीनं सांगितलंय तेवढीच वजनं लावा.

हिशेब माझ्याकडे, हातकणंगले

आमच्यात ट्रॅक्टर ह्यांचा, कागदं माझी. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, तिला स्वतःचा नंबर असतो. विमा काढताना दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर पॉलिसीत आलेत का ते शोरूममध्येच बसून बघा. आमच्या ट्रॉलीला मागून धडक बसली तेव्हा विमावाल्यांचा पहिला प्रश्न होता, 'ऊस कुणाचा?' घरचा होता म्हणून शेतीच्या पॉलिसीवर निभावलं. भाड्यानं ओढणार असाल तर तसाच विमा घ्या. हप्ता जास्त बसतो, तो खेपेच्या दरात आधीच धरा.

राजारामपुरी ते टेक्सास

थोडं अवांतर चालेल ना? मी इथं सुट्टीत पिकअप ट्रकमागे ट्रॅव्हल ट्रेलर ओढतो, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच. इथलाही विक्रेता 'इतके पौंड ओढेल' एवढंच सांगतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो: माणसं आणि सामान मिळून गाडीवर किती वजन चालेल. ट्रेलरच्या वजनातला १० ते १५ टक्के भार हुकवर यावा लागतो, आणि तो याच आकड्यातून वजा होतो. बायको, पोरं, कुत्रा, बर्फाचा डबा, सगळं चढलं की ओढायची ताकद शिल्लक असूनही ट्रक भरलेला असतो. हुकवर भार कमी पडला तर ट्रेलर वेगात डुलायला लागतो. तेव्हा ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, ते हाताजवळच्या कंट्रोलरनं हलकेच लावायचे, की गाडी ताणून सरळ होते. वाघबीळच्या दादांना हे यंत्र मिळायला हवं होतं.

उद्यमनगरातला मिस्त्री

हुकवरच्या भाराचा मुद्दा इकडेही लागू आहे. दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, पकड वाढते, पण तोंड हलकं होतं. चारचाकीचा भार जवळजवळ येतच नाही. म्हणजे चारचाकी ओढायला ट्रॅक्टर अंगानंच जड पाहिजे.

रात्रपाळी, शिरोली एमआयडीसी

मी ओढत नाही, मागून येतो. ट्रॅक्टर कुठलाही घ्या, मागच्या ट्रॉलीला दिवा आणि रिफ्लेक्टर लावा, आणि ते बाहेर आलेल्या उसाखाली झाकले जाणार नाहीत असे लावा. समोरच्या गाडीची अप्पर लाइट डोळ्यावर असताना उभी ट्रॉली दिसतच नाही.

धागाकर्ता

हे अवांतर नाही, लिहीत राहा. वजनदार आणि तेलातल्या ब्रेकचा घ्यायचा एवढं नक्की झालं. बजेटमुळे कदाचित जुना बघेन. ट्रायल कशी घ्यावी?

वाघबीळचा ड्रायव्हर

ट्रायलला रिकामी ट्रॉली जोडून दावत्यात, तिचा काय उपेग न्हाई. एक भरलेली मागा. बारक्या चढावर न्या, चाकामागं दगड टाकाय बाजूला माणूस उभा करा आन् नुसत्या ब्रेकवर धरा. मग तिथनंच पयल्या गिअरात उचला. क्लचचा वास आला, तोंड उचललं, न्हाईतर ब्रेकवर असताना मागं सरकला, तर त्यो नको. आन् मालक भरलेली जोडाय तयारच झाला न्हाई, तर का न्हाई ते त्याच्या जुन्या ड्रायव्हरला गाठून इचारा.