मदत हवी आहे: हाय-पास फिल्टरचं आउटपुट इनपुटच्या आधी कसं येतं?

फेज डिले आणि ग्रुप डिलेची सूत्रं पाठ आहेत, पण डोक्यात शिरत नाहीत. फेजला (आउटपुट इनपुटच्या किती कोनाने पुढे-मागे आहे, त्याला) कोनीय वारंवारतेने भागून उणे चिन्ह लावलं की फेज डिले, फेजच्या आलेखाचा उतार उणे केला की ग्रुप डिले. इथवर ठीक.

साधा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) हाय-पास, म्हणजे कमी वारंवारता अडवणारा फिल्टर, घेतला. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, रेझिस्टर १० किलोओहम, म्हणजे कटऑफ (जिच्या खाली सिग्नल अडू लागतो ती वारंवारता) साधारण १५९ हर्ट्झ. तिथे आउटपुट ४५ अंश पुढे असतं. फेज डिले येतो उणे ०.७८५ मिलिसेकंद, ग्रुप डिले मात्र अधिक ०.५! ऑसिलोस्कोपवरही आउटपुटची शिखरं खरंच आधी दिसतात. मग फिल्टरला पुढचं कळतं की काय? कुणीतरी समजावा, दोन दिवस यातच गेलेत.

प्रतिसाद:
गणित बरोबर आहे. गफलत ‘आधी’ या शब्दात आहे. स्कोपवर दिसते ती स्थिरावलेली साइन वेव्ह. तिचं प्रत्येक शिखर आधीच्या शिखरासारखंच, त्यामुळे ‘आउटपुटचं हे शिखर इनपुटच्या त्याच शिखराचं’ ही जोडी आपण मनाने लावतो. इनपुट शून्यातून सुरू करून पाहा. त्याआधी आउटपुट हलतसुद्धा नाही. ४५ अंशांची आघाडी नंतर, ट्रान्झियंट (सुरुवातीची तात्पुरती हालचाल) विरल्यावर दिसते.

आता १५९ हर्ट्झच्या कॅरियरवर (मूळ लहरीवर) ५ हर्ट्झचं मॉड्युलेशन चढवा, म्हणजे तिची उंची सेकंदाला ५ वेळा कमी-जास्त करा. सिग्नलमध्ये १५४, १५९ आणि १६४ अशा तीन वारंवारता येतात. १५४ ला फेज ४५.९४ अंश, १६४ ला ४४.१४. १० हर्ट्झमध्ये १.८ अंशांचा फरक, त्याला ३६० ने आणि १० ने भागलं की बरोबर ०.५ मिलिसेकंद. एन्व्हलप (शिखरांच्या उंचीची बाह्यरेषा) तेवढा मागे सरकतो, त्याच्या पोटातली कॅरियर मात्र पुढे. दोघांचं भांडण नाही, मोजतोय त्या वस्तूच वेगळ्या.

मूळ प्रश्नकर्ता:
ते १.८ अंश स्वतः काढून पाहिले, जमलं! मग लो-पासमध्ये, म्हणजे जास्त वारंवारता अडवणाऱ्या फिल्टरमध्ये? रेझिस्टर-कपॅसिटरची जागा बदलली तर फेज डिले अधिक ०.७८५, पण ग्रुप डिले पुन्हा ०.५च?

प्रतिसाद:
हो. दोघांच्या फेजमध्ये सगळीकडे ९० अंशांचाच फरक, आणि स्थिर संख्येला उतार नसतो. सममित गुणकांच्या १०१ टॅपच्या (म्हणजे १०१ गुणकांच्या) एफआयआर या डिजिटल लो-पासमध्ये मात्र पासबँडभर (फिल्टर जाऊ देतो त्या सगळ्या वारंवारतांना) दोन्ही डिले ५० सॅम्पल, म्हणून तिथे हा गोंधळ कधी जाणवतच नाही.